मानव-वन्यजीव संघर्ष हाताळणारी वनक्षेत्रपालाची नोकरी : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

गोरेगाव_पूर्व यांचा प्रश्न

नमस्कार. मी आरे वसाहतीच्या हद्दीला लागून असलेल्या एका इमारतीत राहते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली तीन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत आहे आणि यंदा महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा देण्याचा माझा विचार आहे.

या विचाराचे मूळ 2021 सालात आहे. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत ओळीने बिबट्याचे हल्ले झाले, तेव्हा आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर दिवसभर एकच मागणी चालू असे : पिंजरा लावा. एका रात्री फाटकाशी रहिवासी जमले आणि एका वनाधिकाऱ्यांनी, हातातली विजेरी खाली धरून, जवळपास तासभर प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही. आपल्याला हे काम जमेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

वनक्षेत्रपालाच्या पदावरच्या माणसाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो? वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान हाताळण्याचेच काम मागून घेता येते, की नेमणूक मिळेल तिथे जावे लागते? माझ्या वडिलांना ही नोकरी मुलीसाठी धोक्याची वाटते, तेव्हा त्याबद्दलही कोणी अनुभवाने लिहिले तर मी आभारी राहीन.

निवृत्त_वनक्षेत्रपाल

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक मुले अभ्यासक्रम आणि वेतनश्रेणी एवढेच विचारतात.

आधी नेमणुकीविषयी सांगतो. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आपण सहायक वनसंरक्षक, म्हणजे गट-अ, किंवा वनक्षेत्रपाल, म्हणजे गट-ब, होऊ शकता. संघर्ष हाताळणारी अशी वेगळी शाखा खात्यात नाही. प्रादेशिक, वन्यजीव, सामाजिक वनीकरण यांपैकी कुठेही नेमणूक होते आणि बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो. संघर्षाचे काम सर्वांत जास्त पडते ते प्रादेशिक विभागांत, जुन्नर किंवा ब्रह्मपुरीसारख्या ठिकाणी. मुंबईत सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराला खेटून आहे, त्यामुळे इथे तेच काम इमारतींच्या गर्दीत करावे लागते.

आता दिवसाविषयी. वनक्षेत्रपालाच्या हाताखाली वनपाल, वनरक्षक आणि वनमजूर असतात. बिबट्या दिसल्याचा दूरध्वनी आला की आधी वनरक्षक जागेवर पोहोचतो, आणि आपण पोहोचेपर्यंतच्या अर्ध्या तासात तो लोकांशी काय बोलतो यावर पुढचे पुष्कळसे ठरते. म्हणून माझ्या मते पर्यवेक्षकाचे खरे काम त्या अर्ध्या तासाच्या आधीच होऊन गेलेले असते. दोऱ्या आणि जाळ्या तपासलेल्या आहेत का, पोलीस ठाण्यातल्या कोणाला कळवायचे हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक आहे का, पशुवैद्यकीय अधिकारी किती वेळात पोहोचतील, हे सगळे शांततेच्या दिवसांत पाहून ठेवावे लागते. बेशुद्धीच्या औषधाचा अंमल चढायला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात घाबरलेले जनावर धावते. त्याच्या वाटेत माणसे उभी असतील, तर चूक जनावराची नसते.

पिंजऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा दबाव तिथेच येतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणे आणि सापळ्यात अडकवणे हेही येते. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत असल्यामुळे त्याला पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि वनक्षेत्रपाल स्वतःच्या मर्जीने पिंजरा लावू शकत नाही. हे लोकांना समजावून सांगणे फार अवघड जाते, कारण त्यांना ती टाळाटाळ वाटते. पण त्यामागे अनुभव आहे. जुन्नर विभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला, तेव्हा माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या 2011च्या अभ्यासात वर्षाला सरासरी 4 हल्ल्यांवरून 2001 ते 2003 या काळात सरासरी 17 हल्ल्यांपर्यंत वाढ नोंदवलेली आहे. पकडलेले जनावर अनोळखी मुलखात गोंधळते आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका उपनगरातल्या गृहसंकुलामागे बिबट्या वारंवार दिसत होता. लोकांनी रस्ता अडवला, वरून दूरध्वनी आले आणि मी जागेवर न जाता वनपालाच्या अहवालावर विसंबून प्रस्ताव पाठवला. परवानगी आली, पिंजरा लागला, मागच्या कप्प्यात शेळी बांधली आणि तिसऱ्या रात्री मादी अडकली. पहाटे मी गोणपाट बाजूला करून पाहिले, तर तिच्या सडांना दूध होते. नाल्याच्या कडेच्या वाळलेल्या चिखलात मोठ्या ठशांशेजारी लहान ठसे स्पष्ट उमटलेले होते. मी आधी गेलो असतो तर ते मला दिसले असते. दिवसभर शोध घेतल्यावर नाल्याच्या मोरीत दोन पिल्ले सापडली. वरिष्ठांनी तातडीने संमती दिली आणि रात्री तिला तिथेच सोडले. पहाटेपर्यंत तिने दोन्ही पिल्ले नेली होती. त्यानंतर जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी एकाही प्रस्तावावर सही केली नाही.

कोकणातली_वनाधिकारी

धोक्याबद्दलचा प्रश्न माझ्याही घरी आला होता, म्हणून लिहिते. मी वनक्षेत्रपाल आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या वन प्रबोधिनीतले अठरा महिन्यांचे प्रशिक्षण संपवून मी इकडे आले. जनावराची भीती मला फारशी कधी वाटली नाही. कठीण जातात ते रात्रीचे प्रवास, आणि घरातले माणूस किंवा दावणीचे जनावर गमावलेल्या कुटुंबासमोर उभे राहणे. त्या क्षणी खात्याचा सगळा राग आपल्यावर निघतो आणि तो ऐकून घ्यावाच लागतो.

शहरातल्या बातम्यांमुळे संघर्ष म्हणजे बिबट्या असे चित्र तयार होते. माझ्याकडचे बहुतांश अर्ज मात्र रानडुक्कर आणि माकडांनी केलेल्या नासाडीचे असतात. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वन, महसूल आणि कृषी अशा तिन्ही खात्यांचे कर्मचारी मिळून करतात आणि तिघांना एका दिवशी एका बांधावर आणणे हे माझ्या आठवड्यातले मोठे काम असते. गेल्या हंगामात एका आजींचा भाताचा तुकडा डुकरांनी एका रात्रीत लोळवला. पंचनामा लांबला आणि आम्ही पोहोचेपर्यंत त्यांनी उरलेले भात कापून घेतले होते, कारण पाऊस येणार होता. मोजायला शेतात काही उरले नाही आणि नुकसानभरपाईही तुटपुंजी बसली. तेव्हापासून आमचा वनरक्षक तक्रार आल्या दिवशीच छायाचित्रे काढून ठेवतो. त्याने पंचनाम्याची जागा भरून निघत नाही, पण शेतकऱ्याचे म्हणणे मांडायला आधार राहतो.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला मिळणारी रक्कम राज्याने टप्प्याटप्प्याने वाढवून 25 लाखांवर नेली आहे. रक्कम मंजूर असूनही वारसाच्या कागदपत्रांत नस्ती अडकते, आणि ती कागदपत्रे गोळा करून देण्यासाठी आपला माणूस त्या घरी पाठवणे हेही मी पर्यवेक्षकाचेच काम मानते. आपल्या वडिलांना हे अवश्य सांगा की या नोकरीत अंगातल्या ताकदीपेक्षा चिकाटी जास्त लागते.

आरेतला_रहिवासी

मी खात्यातला नाही, आरेतल्या एका पाड्यावर राहतो. आमच्याकडे वाघोबाचे ठाणे आहे आणि वाघबारसेला आम्ही त्याची पूजा करतो. बिबट्या इथे राहतो हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण रात्री शौचाला बाहेर जावे लागत असेल, वाटेवर दिवा नसेल आणि कचऱ्यावर कुत्री जमत असतील, तर आम्ही किती काळजी घेणार? कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतोच.

खात्याने 2011 साली ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला, त्यानंतर आमच्याशी बोलायला माणसे येऊ लागली, हे मान्य करतो. तरी आपण अधिकारी झालात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, अशी विनंती आहे. दिवा आणि कचरा वनखात्याच्या हातात नसतो, तो महापालिकेच्या किंवा वसाहतीच्या कार्यालयाच्या हातात असतो. आमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एका अधिकाऱ्यांनी स्वतः पत्र लिहून, त्याचा पाठपुरावा करून आमच्या वाटेवर तीन दिवे लावून घेतले. त्यांची बदली होऊन बरीच वर्षे झाली, पण पाड्यावर अजून त्यांचेच नाव निघते.

गोरेगाव_पूर्व

आपण तिघांनीही इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. हा धागा मी वडिलांना वाचून दाखवला. दिव्यांच्या गोष्टीवर ते थांबले आणि “तो पाडा कुठला?” असे त्यांनी विचारले. आता एकच शंका उरली आहे. वनसेवेच्या परीक्षेत बराच काळ जातो, तर दरम्यान वनरक्षक भरतीचा अर्जही भरावा का, की त्याने लक्ष विभागले जाईल?

निवृत्त_वनक्षेत्रपाल

अर्ज अवश्य भरा. वनरक्षकापासून वनपाल आणि पुढे वनक्षेत्रपाल होण्यात उमेदीची बरीच वर्षे जातात, म्हणून वनसेवेची तयारी सोडू नका. पण एक-दोन वर्षे जरी नियतक्षेत्रात, म्हणजे वनरक्षकाला नेमून दिलेल्या हद्दीत, गस्त घातलीत, तरी पुढे हाताखालचा माणूस रात्री दोन वाजता जे सांगेल त्यातले किती डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि किती ऐकीव आहे, हे आपल्याला ओळखता येईल. मला ते उशिरा आले.

चालण्याचा सराव मात्र आजपासूनच सुरू करा. वनसेवेसाठी चार तासांत पुरुषांना 25 आणि महिलांना 14 किलोमीटर चालावे लागते. सपाट रस्त्यावर ते सोपे वाटते, पण शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या धरतात. आरेतल्या चढाच्या रस्त्याने सकाळी उजाडल्यावर चाला, एकट्या जाऊ नका, आणि जे बूट घालून परीक्षा देणार आहात तेच बूट सरावालाही वापरा.