मदत हवी आहे: अंबडला डेटाबेसचा पोर्ट बरोबर, सातपूर-सिन्नरला चुकीचा. रिलीज अडकलंय

सातपूरकर_ऑप्स
अंबड, सातपूर, सिन्नर असे तीन प्लांट, प्रत्येकी दोन ॲप सर्व्हर. टार्गेटचे ग्रुप पाडलेत. तरी प्रॉडक्शनचा डीबी_पोर्ट अंबडला 6432 लागतो आणि सातपूर-सिन्नरला 5432. तेच प्लेबुक, तीच कमांड. रात्रपाळी लागायच्या आत रिलीज करायचंय, लवकर सांगा.

गोदाकाठ
प्लेबुक म्हणताय म्हणजे ॲन्सिबल (अनेक सर्व्हर एकदम सेट करणारं टूल) धरतो. कुठला आकडा कुठल्या फाइलीत? 'ॲन्सिबल-इन्व्हेंटरी --ग्राफ' चालवून काय दिसतं ते टाका.

द्राक्षबाग_देव
कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर) जा. प्रत्येक प्लांटला नेमस्पेस, म्हणजे वेगळा कप्पा, कटकट संपली.

गोदाकाठ
सहा सर्व्हरसाठी? आणि आज रात्री?

सातपूरकर_ऑप्स
अंबड, सातपूर, सिन्नर, प्रॉडक्शन, स्टेजिंग हे पाचही ग्रुप थेट ऑल या मूळ ग्रुपखाली. प्रत्येक प्लांटचा एक सर्व्हर प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापराचा), एक स्टेजिंगमध्ये (चाचणीचा). 6432, म्हणजे पीजीबाउन्सर (पोस्टग्रेस डेटाबेसपुढे कनेक्शन सांभाळणारा), प्रॉडक्शनच्या ग्रुप_व्हार्समध्ये, म्हणजे ग्रुपच्या व्हेरिएबलच्या फाइलीत. 5432, म्हणजे थेट पोस्टग्रेस, तिन्ही प्लांटच्या फाइलींत आहे, डिफॉल्ट म्हणून.

रामकुंड_रूट
नाशिक असा पेरेंट ग्रुप करा, तिन्ही प्लांट त्याच्या चिल्ड्रनमध्ये टाका. उतरंड लागली की झालं.

गोदाकाठ
नका करू, अंबडही बिघडेल! चिल्ड्रनमधला ग्रुप पेरेंटवर मात करतो, म्हणजे जितका खोल तितका वरचढ. आत्ता पाचही एकाच पातळीवर आहेत, म्हणून इंग्रजी अक्षरक्रम लागतो आणि शेवटचा जिंकतो. अंबडचा ए प्रॉडक्शनच्या पी आधी येतो, सातपूर-सिन्नरचा एस नंतर. अंबड निव्वळ नावामुळे वाचलंय. प्लांट एक पायरी खाली नेलेत तर तिन्हीकडे 5432 लागेल.

सातपूरकर_ऑप्स
प्रॉडक्शनच्या ग्रुप_व्हार्समध्ये ॲन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी 10 टाकून बघितली. काही फरक नाही.

गोदाकाठ
ती तिथे चालत नाही. ग्रुप_व्हार्स कुठल्या क्रमाने वाचायचे हे तीच ठरवते, म्हणून ती इन्व्हेंटरी फाइलीतच (सर्व्हर-ग्रुपांच्या यादीत), ग्रुपच्या व्हार्सखाली लागते. मूळ किंमत 1 असते, मोठा आकडा जिंकतो, पण एकाच पातळीवरच्या ग्रुपांत.

वायएमएल_ताई
प्रायॉरिटी हे ठिगळ आहे भाऊ. प्लांट हा एक अक्ष, एन्व्हायर्नमेंट दुसरा. एक व्हेरिएबल दोन्हींकडे ठेवलं की भांडण ठरलेलं. 5432 तिन्ही प्लांटच्या फाइलींतून काढा, ग्रुप_व्हार्सच्या ऑलमध्ये एकदाच लिहा. डिफॉल्टची जागा तीच. प्लांटच्या फाइलीत फक्त त्या प्लांटचं राहू द्या: गेटवे, प्रिंटरचे पत्ते वगैरे. खरंच अपवाद असला तर सातपूर_प्रॉडक्शन असा ग्रुप करून दोन्हींच्या चिल्ड्रनमध्ये टाका, तो खोल असल्यामुळे जिंकेल. मग 'ॲन्सिबल-इन्व्हेंटरी --होस्ट' देऊन प्रत्येक सर्व्हर तपासा. ग्रुप_व्हार्स प्लेबुकशेजारी असतील तर '--प्लेबुक-डिर'ही द्या, नाहीतर ते दिसणारच नाहीत.

रामकुंड_रूट
एवढं कशाला? कमांडमध्येच '-ई' ने पोर्ट द्या, तो सगळ्यांवर मात करतो.

वायएमएल_ताई
करतो, स्टेजिंगवरही. आणि पुढच्या रिलीजला कोणी '-ई' विसरलं की सातपूर पुन्हा थेट पोस्टग्रेसवर. तिथे मॅक्स_कनेक्शन्स मुळात 100 असतात, ॲपचे कनेक्शन पूल वाढले की 'टू मेनी क्लायंट्स'.

सातपूरकर_ऑप्स
ऑलमध्ये हलवलं. '--होस्ट'मध्ये प्रॉडक्शनच्या तिन्ही सर्व्हरना 6432, स्टेजिंगला 5432. आधी एकट्या सातपूरवर सोडतो.

गोदाकाठ
'--लिमिट'मध्ये सातपूर:&प्रॉडक्शन (दोन्ही ग्रुपांत असलेलेच सर्व्हर) अवतरणात लिहा. अवतरण विसरलात तर शेल & पाशी कमांड तोडतो, प्रॉडक्शनची अट गळते आणि सातपूरचा स्टेजिंगही आत येतो. आधी '--लिस्ट-होस्ट्स' लावा, एकच नाव दिसलं पाहिजे.