पोलीस मागे लागणारे रेसिंग गेम: पोरांना खेळू द्यावेत की नाही?

सड्यावरचा (रत्नागिरी)

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोलिसांच्या पाठलागाचे रेसिंग गेम चौदा-पंधराच्या पुढच्या मुलांना खेळू द्यावेत. बंदी घालायची हौसच असेल तर ती स्कूटरच्या किल्लीवर घाला.

विषय यंदा गणपतीत निघाला. पुतण्या 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' खेळत होता. २००५ चा गेम आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. मुंबईहून आलेल्या थोरल्या काकांनी पाच मिनिटं बघितलं, "पोलिसांच्या हातावर तुरी द्यायला शिकवणारा खेळ या घरात नको" म्हणाले आणि लॅपटॉप बंद करायला लावला. घरात दोन तट पडले ते चाकरमानी परत गेल्यावरही फोनवर चालूच आहेत, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉकपोर्ट नावाचं काल्पनिक शहर, तिथल्या पंधरा शर्यतबाजांची यादी. तळापासून एकेकाला हरवत वर चढायचं. पण नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही, पोलिसांनी तुमच्या डोक्यावर ठेवलेलं इनामही वाढवावं लागतं. जितका वेळ पळाल तितकी 'हीट', म्हणजे पोलिसांचा जोर, चढते. आधी एकदोन साध्या गाड्या, मग नाकाबंदी, खिळ्यांच्या पट्ट्या, समोरून अंगावर येणाऱ्या जड एसयूव्ही, वर हेलिकॉप्टर. गाडी कोंडीत सापडून थांबली की खाली 'बस्टेड'ची, म्हणजे पकडले गेल्याची, पट्टी भरायला लागते. निसटलात तरी सुटका नाही. आडोसा गाठून गपचूप थांबायचं, आणि तेवढ्यात एखादी गस्तीची गाडी बाजूने गेली की सगळं पहिल्यापासून. पकडलात तर दंड होतो आणि गाडीवर एक खूण पडते. तीन खुणा झाल्या की गाडी जप्त.

आता सांगा, यात पोर बिघडण्यासारखं काय आहे? पुतण्याला मी बारकाईने बघितलंय. तो पोलिसांच्या रेडिओवरचं बोलणं ऐकत असतो, पुढे नाकाबंदी लागलीय का याचा अंदाज घेतो, कुठल्या गल्लीतून पेट्रोलपंपाकडे निघायचं हे आधीच ठरवतो. तो पंप पाडला की मागच्या गाड्या त्याखाली अडकतात. डोळे, हात, डोकं सगळं एका वेळी कामाला लागलेलं असतं. आणि हे खोटं शहर आहे हे त्याला तुमच्यामाझ्याइतकंच कळतं.

वाशिष्ठी (चिपळूण)

पूर्ण असहमत. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझा मुलगा नववीत आहे, त्यामुळे हा गेम मीही जवळून पाहिलाय.

तुम्ही पेट्रोलपंप पाडण्याबद्दल इतक्या सहज लिहिलंत, तिथेच माझी हरकत आहे. पाठलागात सरकारचं किती नुकसान केलं याचा डॉलरमध्ये हिशेब हा गेम ठेवतो. एवढं नुकसान कराच, अशी उद्दिष्टंही त्यात आहेत. पोलिसांच्या गाड्या ठोकल्या की इनाम वाढतं, आणि इनाम वाढलं की पुढचा शर्यतबाज समोर येतो. म्हणजे नियम मोडणं ही या खेळात चुकून घडणारी गोष्ट नाही, पुढे सरकण्याची तीच वाट आहे.

खोटं शहर आहे हे कळतं म्हणता. कळणं आणि सवय लागणं यात फरक आहे. जर्मनीत पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रेसिंग गेमवर प्रयोग प्रसिद्ध केले. असे गेम खेळल्यावर माणसं गाडी चालवण्याच्या प्रसंगात जास्त धोका पत्करतात असं त्यांना दिसलं. २००९ मध्ये त्यांनीच पुढे दाखवलं की हा परिणाम वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या गेममध्ये दिसतो. तुमचा गेम नेमका त्याच जातीचा.

मालवणी_मुलूख (कणकवली)

माका एकच कळता. झिलाक गाडयेची चावी कोण देता? गेम देना नाय, बापूस देता. आठवीतलो पोर स्कूटर घेवन बाजारातसून मासे हाडता तेव्हा सगळ्यांका कौतुक. तोच पोर उद्या पोलीस बघून पळालो की मग लॅपटॉप वायट.

सड्यावरचा

मालवणी_मुलूख, +१. अगदी हेच म्हणायचंय.

वाशिष्ठीताई, ते प्रयोग मीही वाचलेत. ते खेळ संपल्यासंपल्या घेतलेले आहेत आणि धोका मोजलाय तो पडद्यावरच्या चाचण्यांमध्ये. सहा महिन्यांनी तोच मुलगा महामार्गावर कसा वागतो हे त्यातून निघत नाही. जास्त गेम खेळणारे बेदरकार गाडी चालवतात अशी आकडेवारी दाखवली, तरी मुळात वेगाची ओढ असलेला मुलगाच असा गेम उचलतो, हीही शक्यता उरतेच.

आणि रॉकपोर्टमध्ये रस्त्यावर पायी चालणारं एकही माणूस नाही. गाडी कितीही ठोका, ओरखडे पडतात पण वेग कमी होत नाही. इतका उघड खोटेपणा असताना त्याची आपल्या इथल्या भाट्याच्या रस्त्याशी गल्लत कोण करेल?

गावखडीकर

रस्त्यावर माणूस नाही, हे तुम्ही गेमच्या बाजूने सांगताय? माझ्या मते त्याच्याविरुद्ध यापेक्षा मोठा पुरावा नाही.

आपला रस्ता आठवा. पावस सोडलं की एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला उतार, मधे जेमतेम दीड गाडीची जागा. संध्याकाळी गुरं रस्त्यावर बसलेली. शाळा सुटली की पोरं तीन-तीनच्या रांगेत. शिमग्यात पालखी. आणि जून ते सप्टेंबर जांभ्याची लाल माती वाहून वळणावर येते, तिच्यावर ब्रेक दाबला की दुचाकी सरळ आडवी. गेममध्ये पाऊस पडला की रस्ता छान चकाकतो, एवढंच. जे पोर तासन्‌तास रिकाम्या रस्त्यांवर ताशी दोनशेने वळणं घेतं, त्याच्या डोळ्यांना वळणापलीकडे कुणी असेल ही सवयच लागत नाही. पोलिसांचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. मला त्या रिकाम्या रस्त्याची भीती वाटते.

बंदरावरची (रत्नागिरी)

माझे यजमान पोलिसांत वाहतूक शाखेत आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते.

गेममधल्यासारखा पाठलाग आपल्याकडे करत नाहीत. यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय: नाकाबंदी बघून पोर वळलं तर मागे गाडी घालायची नाही. घाबरलेलं पोर मागे बघत पळतं आणि पुढे जाऊन आपटतं. नंबर टिपतात, फोटो काढतात, चलान मालकाच्या मोबाइलवर जातं.

मुलं का पळतात, तर घरी कळेल म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मुलांना यातलं अर्धवट ऐकून माहीत असतं, बाप मारील हे पक्कं माहीत असतं. त्या क्षणी गेम आठवत असेल असं मला वाटत नाही. इथवर मी सड्यावरचा यांच्या बाजूने.

पण एक गोष्ट मला खुपते. त्या गेममध्ये मागे लागणाऱ्या पोलिसांत सार्जंट क्रॉस हा मुख्य पोलीस सोडला तर कुणाला चेहराच नाही. नुसत्या गाड्या आणि रेडिओवरचे आवाज. ठोका, उडवा, पुढे चला. आमच्या घरातला पोलीस हातखंब्याच्या तिठ्यावर भर पावसात उभा असतो. घरी येतो तेव्हा रेनकोटच्या आत घामाने आणि बाहेर पाण्याने भिजलेला असतो, बुटात चिखल, आणि गणपतीचे दहा दिवस स्वतःच्या घरच्या आरतीला नसतो. ज्या मुलांना शेजारचा पोलीसकाका ओळखीचा आहे त्यांनी खुशाल खेळावं. ज्यांनी पोलीस फक्त गेममध्ये आणि दंडाच्या पावतीवर पाहिलाय, त्यांच्याबद्दल मला खात्री देता येत नाही.

स्पॉयलर_लावलेली_डिओ (देवगड, वय १९)

खेळणाऱ्यातलं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. याच 'नीड फॉर स्पीड' मालिकेतला २०१० चा 'हॉट पर्स्यूट' बघा, त्यात पोलीस बनूनही खेळता येतं. खिळ्यांच्या पट्ट्या आपण टाकायच्या, नाकाबंदी आपण लावायची. मी त्यात पोलीसच जास्त खेळलोय. पळणाऱ्याला न उडवता अडवणं किती कठीण असतं ते तिथे कळलं.

त्याच मालिकेतल्या २०१९ च्या 'हीट' नावाच्या गेममध्ये दिवसा परवानगीच्या शर्यती आणि रात्री बेकायदा. रात्री जितका लोभ कराल तितकी कमाई फुगते, पण घरी पोचायच्या आत पकडलात तर त्यातलं बरंच जातं. कधी थांबायचं हा निर्णय त्यात सतत घ्यावा लागतो.

आमच्या गटात जे सागरी महामार्गावर खरंच गाड्या पळवतात, त्यातले निम्मे गेम खेळतच नाहीत. ते रीळ बनवतात. मोबाइल धरणारा मागे बसलेला असतो, म्हणून वेग वाढतो. मोठ्यांना चिंता करायचीच असेल तर तिथे करा.

सड्यावरचा

बंदरावरची ताई, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. पुतण्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्याने विचारलं, "काकू कुठल्या तिठ्यावर म्हणतायत? आपण तिथूनच जातो ना?" म्हणून मी बंदीपेक्षा सोबत बसून खेळण्याच्या बाजूने आहे. हे बोलणं लॅपटॉप बंद करून झालं नसतं.

गावखडीकर, रिकाम्या रस्त्याचं तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाहीये. एवढंच म्हणेन की वळणापलीकडचं माणूस बघायची सवय कुठलाच खेळ लावत नाही. ती सायकलवर लागते. आमच्या पिढीला लागली ती तशीच.

वाशिष्ठी

सोबत बसून खेळायला तुमच्या घरी काका आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईत किंवा जहाजावर, आई काजूच्या कारखान्यात. ती मुलं एकटी खेळतात, रात्री अकराला, मोबाइलवर. त्यांच्याशी तिठ्यावरच्या पोलिसाबद्दल कोण बोलणार?

आणि देवगडच्या मुलाने 'हीट'चं उदाहरण दिलंय म्हणून सांगते, त्याच्या गोष्टीत शहराचं वेगपथक आणि त्याचा प्रमुखच भ्रष्ट दाखवलाय. म्हणजे खेळणाऱ्याने पळावं याला नैतिक आधारही देऊन ठेवलाय. अमेरिकेत 'मोस्ट वाँटेड' आणि 'हीट' या दोन्ही गेमना तेरा वर्षांपुढचं मानांकन आहे, ते मला कमी वाटतं. माझ्या मुलाला दहावी होईपर्यंत मी 'हॉट पर्स्यूट' देईन, तोही पोलीस बनून खेळायला. 'मोस्ट वाँटेड' नाही. तो रुसलाय, रुसू दे.

गावखडीकर

वाशिष्ठीताई, सहमत. फक्त 'हॉट पर्स्यूट'मध्येही रस्त्यावर पायी माणूस दिसत नाही, तेवढं लक्षात असू द्या.