तेराव्या वचनाच्या आधीचं वाचा
परीक्षेला जाताना बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13, म्हणजे ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे वचन म्हणावं, असं कुणीतरी सुचवलंय. जरूर म्हणा, पण आधीची दोन वचनंही वाचा. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिताना प्रेषित पौल कैदेत आहे. त्या काळी कैद्याचं खाणंपिणं बरंचसं बाहेरच्या माणसांवरच चालायचं. फिलिप्पैहून मदत घेऊन आलेला एपफ्रदीत तर आजारपणात मरता मरता वाचला. आणि पौल लिहितो, उपाशी राहायला शिकलोय, तृप्त असायलाही. मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं; पोट भरलं की आभार राहूनच जातात. त्याचे आभार मोघमही नाहीत. थेस्सलनीका शहरात असतानाही तुम्ही एकदा सोडून दोनदा मदत धाडलीत, हे तो आठवणीने नोंदवतो. आपण मात्र ‘सर्वांचे आभार’ म्हणून उरकतो!