मदत हवी आहे : समोरून येणाऱ्या अनोळखी दुचाकीस्वाराला अभिवादन कसे करावे?

नमस्कार मंडळी,

काही वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहत होतो आणि मोटारसायकलचा नाद मला तिथेच लागला. आता पुण्यात परत आलो असून साडेतीनशे सीसीची गाडी घेतली आहे. डिसेंबरात पत्नीसह कोल्हापूर, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी असे करत गोव्याला जाण्याचा बेत आहे. त्याआधी हात बसावा म्हणून सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीकडे फेऱ्या मारतो आणि त्यातूनच हा प्रश्न उभा राहिला. वरवर तो क्षुल्लक वाटेल, परंतु चालत्या गाडीवर हँडलवरचा हात कधी आणि कशासाठी उचलावा याचा संबंध शेवटी सुरक्षिततेशी येतो, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

जर्मनीत समोरून मोटारसायकल आली की डावा हात हँडलवरून सोडून खाली न्यायचा आणि दोन बोटे किंवा तळवा किंचित बाहेर काढून दाखवायचा, अशी पद्धत आहे. ओळख असण्याची गरज नसते. ‘डावा हात नमस्काराला’ अशा अर्थाचे शब्द तेथील मोटारसायकलवाले एकमेकांना लिहिलेल्या मजकुराच्या शेवटीसुद्धा घालतात, इतकी ती रुळलेली आहे. डावाच हात का, तर थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताकडे असतात आणि क्षणभर मोकळा करता येतो तो क्लचचा हात. शिवाय तिथली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे समोरचा स्वार आपल्या डाव्या अंगाने जातो आणि खाली सोडलेला हात त्याला बरोबर दिसतो. फ्रान्समध्ये तर वाट करून देणाऱ्याचे आभार मानायला उजवा पाय बाहेर काढतात, कारण उजवा हात सोडता येत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो लाथ मारतो आहे असेच वाटते!

इकडे आल्यावर पहिली अडचण दिसण्याची झाली. आपली वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे समोरचा माणूस माझ्या उजव्या अंगाने जातो. डावा हात खाली सोडला तर तो टाकी आणि माझे शरीर यांच्या आड जातो आणि उजवा तर सोडायचाच नाही. म्हणजे तिकडची खूण जशीच्या तशी उचलून इकडे आणली तर ती फक्त रस्त्याकडेच्या झाडांना दिसते. हात वर उचलून पाहिला, तेव्हा तो दिसला खरा, पण दुसरी अडचण पुढे आली.

आपल्याकडे समोरून येणाऱ्याने हात केला तर त्याला आधीपासूनच अर्थ आहेत आणि ते जवळजवळ सगळे सावधगिरीचे आहेत. तळवा खाली करून हवेत दोनदा दाबला की पुढे काहीतरी आहे, सावकाश जा. बोट खाली, चाकाकडे गेले की साइड स्टँड उघडा आहे, हवा कमी आहे किंवा मागे बसलेल्या बाईंचा पदर वाऱ्यावर उडतो आहे. बोटांची उघडझाप केली की दिवसा हेडलाइट चालू राहिला आहे. (१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबत आपोआप लागतो, तरीसुद्धा ही खूण करणारे सज्जन अजून भेटतात आणि मला त्यांचे कौतुकच वाटते.) अनोळखी माणसाची एवढी काळजी करणारे रस्ते मी तिकडे पाहिले नाहीत. परंतु याच कारणाने निव्वळ नमस्कारासाठी उचललेला हात इथे नमस्कार म्हणून वाचलाच जात नाही.

मुळशीच्या पुढे एका सरळ पट्ट्यावर समोरून दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली गाडी येत होती. मी दोन बोटे दाखवली. त्या गृहस्थांनी वेग कमी केला, दोन्ही पाय जमिनीला टेकवत गाडी कडेला घेतली, आधी मागच्या चाकाकडे, मग दोन्ही कॅनच्या झाकणांकडे पाहिले आणि मी थांबल्यावर ओरडून विचारले, “काय झालं हो? सांडतंय का?” नमस्कार केला म्हटल्यावर त्यांनी हसून “राम राम” म्हटले आणि लगेच, “पाव्हणे कुठले?” अशी चौकशी केली. दुसऱ्या एका गावाजवळ टोपी घातलेल्या एका आजोबांनी हात उचलून उत्तर दिले, पण आरशात पाहतो तो ते गाडी हळू करून मागे वळून बघत होते. हेल्मेटच्या आतला हा कोण, कुणाचा जावई, हे त्यांना आठवत नसावे. आपल्या गावात हात केला जातो तो ओळखीला, त्यामुळे हात केला म्हणजे ओळख असणारच, हा त्यांचा हिशोब बरोबरच होता.

तिसरा मुद्दा कुणाला करायचा हा. जर्मनीत बरेच जण हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात, ठरावीक महिन्यांपुरतीच चालणारी नंबरप्लेटही मिळते आणि रस्त्यावर चारचाकीच जास्त असतात. म्हणून दुसरा दुचाकीवाला दिसला की आपले माणूस दिसल्यासारखे वाटते. आपल्या देशात नोंदलेल्या वाहनांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास दुचाकीच आहेत. कर्वे रस्त्यावर सर्वांना नमस्कार करत निघालो तर डेक्कनपर्यंत पोहोचणार नाही. एका परिचिताने सांगितले की जाकीट घातलेल्या मोठ्या गाडीवाल्यांनाच करावा, बाकीच्यांना नाही. हा निकष मला पटत नाही. कॅन लादून रोज घाट चढणारा माणूस माझ्यापेक्षा अधिक दुचाकीस्वार आहे.

तर माझे प्रश्न असे आहेत. आपल्या रस्त्यांवर धोक्याची सूचना वाटणार नाही अशी अभिवादनाची खूण कोणती? ती कुठल्या रस्त्यावर आणि कुणाला करावी? हॉर्न किंवा डिपर त्यासाठी वापरलेला चालतो का? आणि समोरच्याने उत्तर दिले नाही तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

आपला आभारी आहे.

प्रतिसाद (सातारा)

हात विसरा आणि मान वापरा. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे आणि तिथल्या स्वारांनाही तुमच्यासारखीच अडचण असल्यामुळे त्यांच्यात हेल्मेट किंचित झुकवण्याचीच रीत आहे. मान हलवल्याने दोन्ही हात हँडलवर राहतात, साइड स्टँडचा किंवा खड्ड्याचा गैरसमज होत नाही आणि ज्याला कळायचे त्याला कळते. ज्याला कळत नाही त्याला रस्त्याचा धक्का बसला असे वाटते, त्याने कुणाचे काही बिघडत नाही.

थोडा हिशोबही करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोरचाही त्याच वेगात असेल तर तुमच्यातले अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटते, म्हणजे १०० मीटरवर दिसलेला माणूस तीन सेकंदांत शेजारून निघून जातो. त्या तीन सेकंदांत हात सोडणे, दाखवणे आणि परत क्लचवर आणणे सरळ रस्त्यावर जमते, पण घाटात नाही. वळणावर गिअर उतरवायला डावा हात लागतो, पावसाळ्यानंतर कडेला बारीक खडी आलेली असते आणि वळणापलीकडून एसटी निम्मा रस्ता घेऊन येत असते. त्यामुळे आंबोली उतरताना मानसुद्धा हलवू नका, रस्ता बघा.

डिपरने अभिवादन मात्र कृपा करून करू नये. अरुंद पुलावर समोरच्याने डिपर दिला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी आधी येतो आहे, तू थांब’ असा असतो, तर काही देशांत नेमका उलट, म्हणजे ‘तू ये’ असा. मोकळ्या रस्त्यावर दिला तर लोक समजतात की पुढे मामा पावतीपुस्तक घेऊन उभे आहेत. घाटातला हॉर्न आंधळ्या वळणासाठी असतो, तो त्यासाठीच राहू द्यावा. दुभाजक असलेल्या महामार्गावर तर हा विषयच सोडून द्या, पलीकडच्या गाडीकडे बघण्याचेही कारण नाही.

प्रतिसाद (सांगली)

मी रोज स्कूटर चालवते, म्हणून एक बाजू मांडते. स्कूटरला क्लच नसतो आणि डाव्या हाताखाली मागचा ब्रेक असतो. बऱ्याच स्कूटरींवर तो दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. म्हणजे मोटारसायकलवाल्यांना जो हात ‘मोकळा’ वाटतो तो आमचा मुख्य ब्रेकचा हात आहे. स्कूटरवाल्यांनी उत्तर दिले नाही म्हणून त्यांना तुसडे समजू नये.

दुसरे असे की, अनोळखी पुरुषाने रस्त्यात हात केला तर एकटी गाडी चालवणारी बाई त्याला उत्तर देणार नाही आणि तिने द्यावे अशी अपेक्षाही ठेवू नये. हेल्मेटच्या काचेमागे कोण हसतो आहे आणि कशासाठी, हे तिला दिसत नाही. मानेची छोटीशी हालचाल करून नजर पुन्हा रस्त्यावर नेणारा माणूस चालतो. वळून पाहणारा किंवा वेग कमी करून उत्तराची वाट पाहणारा चालत नाही. तुमच्या मनात तसे काही नसेल हे मान्य आहे, पण तिच्याकडे ते तपासायला तेच तीन सेकंद असतात. तुमच्या मागे पत्नी बसलेली असेल तेव्हा मात्र हा अवघडलेपणा बराच कमी होतो, हाही अनुभव आहे.

प्रतिसाद (ठाणे)

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. थोडी भर घालतो. मनाली ते लेह या रस्त्यावर सामान बांधलेली प्रत्येक गाडी दुसरीला हात करते, तेथे अंगठा वर केलेला डावा हात सर्रास चालतो आणि लष्कराच्या ताफ्यातले जवानही उत्तर देतात. कारण तुम्हीच लिहिले आहे, ते म्हणजे माणसे विरळ आणि सगळे एकाच कामाला निघालेले. तिथल्या गावांतून मुले टाळी द्यायला रस्त्यात हात पुढे करतात, त्या हाताला चालत्या गाडीवरून हात लावू नये, वेग कमी करून मान डोलवावी. आपल्याकडे ती विरळ परिस्थिती कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर, सकाळी लवकर, थोडीफार मिळते.

समूहाने जाणाऱ्यांना दोन बोटे वर करून दाखवणे टाळावे. समूहात पुढच्याने एक बोट वर केले तर एका रांगेत या आणि दोन बोटे केली तर दोन रांगांत या, असा अर्थ असतो. समोरून येणाऱ्या गटाला अभिवादन करायचे तर पहिल्या गाडीला एकदा करावे. वीस जणांना वीसदा मान हलवत बसलात तर आंबोलीपर्यंत मानेला पट्टा लावावा लागेल.

मला विचाराल तर कडेला थांबलेल्या गाडीकडे लक्ष देणे हे नमस्कारापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. बॉनेट नसल्यामुळे मोटारसायकल बंद पडली आहे की माणूस नुसता पाणी पितो आहे हे लांबून कळत नाही. म्हणून वेग कमी करावा, अंगठा वर करून प्रश्नार्थक मान हलवावी. त्याने अंगठा दाखवला तर पुढे जावे, नाही दाखवला तर थांबावे. ही खूण कॅनवाल्याला, स्कूटरवाल्या ताईंना आणि बुलेटवाल्याला सारखीच समजते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मानेचा उपाय आज पौड रस्त्यावर करून पाहिला. कुणीही गाडी थांबवून चाक तपासले नाही, एवढे यश पुरेसे आहे. सांगलीच्या ताईंनी मांडलेला मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो कायम लक्षात ठेवीन.

आता पत्नीचा एक प्रश्न. तिचे म्हणणे असे की तिचा उजवा हात थ्रॉटलवर नसतो आणि समोरच्याच्या बाजूलाही तोच असतो, तेव्हा हे खाते तिच्याकडेच द्यावे. हे योग्य होईल का?

प्रतिसाद (सातारा)

अगदी योग्य, वहिनींनी तुमचा भूमितीचा प्रश्न सोडवला आहे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. उजवा हात आडवा पसरून लांब करू नये, कारण वाहतुकीच्या हातवाऱ्यांत त्याचा अर्थ गाडी उजवीकडे वळते आहे असा होतो आणि मागचा ट्रक तो अर्थ घेईल. कोपर अंगाशी ठेवून तळवा खांद्यापर्यंतच उचलावा. दुसरे म्हणजे हे फक्त सरळ रस्त्यावर आणि डावा हात मागच्या दांडीवर घट्ट असतानाच करावे. आजरा सोडून पुढे घाट लागला की दोन्ही हात धरायला असावेत.