पांढरा बेस स्केल करून लहान करू नका
काळ्या टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेल्या लाल अक्षरांच्या कडेने पांढरा बेस, म्हणजे रंग उठून दिसावा म्हणून खाली मारलेला पांढरा थर, डोकावतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर वर एकांनी पांढरा थर ९८ टक्के स्केल करायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. स्केल केलं की अख्खा थर मध्याकडे सरकतो. मधलं अक्षर नीट बसतं, टोकाची एका बाजूने उघडी पडतात.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आधी कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे साधे आकार होतील. रंगीत आकारांची प्रत वेल्ड करून एकसंध करा आणि आतल्या बाजूला ०.२५ मिमी कॉन्टूर (कडेला समांतर रेघ) द्या. मग ब्रेक अपार्टने दोन्ही आकार वेगळे करून बाहेरचा आकार काढून टाका. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टेबलावर हाताने छपाई करतो, रंग थोडे इकडेतिकडे बसतात म्हणून एवढी सूट लागतेच. डिझाइनमधला काळा भाग बेसमधून कापा, तिथे कापडच काम करतं.

खरा घात होतो बारीक रेघांत. कॉन्टूर दोन्ही कडा खातो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरची रेघ बेसमध्ये उरतच नाही. गड्ड्याच्या यात्रेसाठी ‘सिद्धेश्वर’ छापताना वेलांटीच्या टोकाखाली असाच बेस उरला नाही आणि ते काळ्यात बुडालं, ४० नग बाद गेले. आता स्क्रीनसाठी फिल्म (डिझाइनची पारदर्शक प्रत) काढण्याआधी प्रत्येक वेलांटी, मात्रा झूम करून बघतो. बारीक वाटली तर मूळ अक्षरच जाड करतो.

आणि प्लास्टिसोल शाईचा बेस बोटाला चिकटेनासा झाला की फ्लॅश, म्हणजे मधली तापवणी, थांबवा. जास्त तापला तर वरचा लाल नीट धरत नाही.