जेरी रीडची बोटं कशी बसवायची? मदत हवी आहे

मंडळी, जेरी रीड ऐकणारं कुणी आहे का इथे? अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा अवली गिटारवादक! 1967 साली गायक एल्विस प्रेसलीच्या वादकांना रीडच्या गाण्यातली गिटार काही केल्या जमेना, शेवटी मासे पकडत बसलेल्या रीडलाच स्टुडिओत बोलवावं लागलं. गप्पा मारताना इतका हसवायचा की बोटांकडे लक्षच राहत नाही. 2008 मध्ये गेला, मी अजून रात्री त्याचेच व्हिडिओ लावतो.

तर अडचण अशी: नायलॉनच्या तारांवर त्याची 'क्लॉ' पद्धत (अंगठा नि बोटं पंजासारखी वापरून तारा छेडायची) बसवतोय. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, पण बाकीची बोटं आडमात्रेला (दोन ठेक्यांच्या मधे) गेली की तोही त्यांच्यामागे पळतो. आधी नुसता अंगठाच घोटू का? किती दिवस? बसवलेल्यांनी सांगा ना, घरचे वैतागलेत.