खात्यातली नोकरी की प्रो कबड्डीचा करार?

मधली_रेषा: भाचा २१ वर्षांचा, कबड्डीत डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा पकडपटू. लिलावात डी गटाच्या पायाभूत किमतीला, म्हणजे ९ लाखांना एका संघाने घेतलाय. त्याच सुमारास राज्य सरकारच्या एका खात्यात ५ टक्के क्रीडा आरक्षणातून नेमणूकही आली आहे. घरात दोन तट पडलेत. दोन्ही सांभाळता येतं का? करारात काय बघायचं?

कव्हर_कोपरा: ९ लाख भागिले १२ असा हिशेब घरात चालू असेल तर आधी तो थांबवा. रक्कम हंगामाची आहे. २०२४चा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर चालला, त्याआधी शिबिर. रिटेन केलं नाही की पुन्हा लिलाव.

दुसरं, संघात १८ ते २५ जण आणि मॅटवर सात. नव्या चढाईपटूला बदली म्हणून दोन-चार चढाया मिळून जातात. कोपऱ्याचं तसं नसतं. कोपरा आणि कव्हर (त्याच्या शेजारचा पकडपटू) यांची जोडी जमलेली असते, प्रशिक्षक ती सहसा मोडत नाही. त्यामुळे नवा कोपरा अख्खा हंगाम हॉटेल, जिम आणि बाक एवढंच बघून परतू शकतो. पैसे मिळूनही पोरं कुढतात ती इथेच. त्या संघात डाव्या कोपऱ्यावर आधीच कोण आहे, हे आज बघा.

हिशेबनीस: संघाकडून येणाऱ्या पैशावर १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे ९ लाखांवर ९० हजार. हे व्यावसायिक उत्पन्न धरलं जातं, तेव्हा विवरणपत्र आयटीआर-३ या फॉर्ममध्ये भरायचं. डॉक्टर-वकिलांना मिळणारी निम्मं उत्पन्न नफा धरण्याची सवलत खेळाडूला नाही. बूट, फिजिओ, प्रवास यांची बिलं जपून ठेवा. खात्याचा पगार त्यात मिळवून एकूण १२ लाखांच्या वर गेलं, तर नव्या करपद्धतीतली पूर्ण करमाफी जाते. हे आधीच धरून चाला.

मधली_रेषा: आणि दुखापत? सगळ्यात जास्त धास्ती तीच आहे.

फिजिओ_बाक: रास्त आहे. मॅटवर बूट घट्ट धरतो. कोपऱ्याने घोटा पकडला, चढाईपटूने ओढ घेतली, की पाय जागेवर राहतो आणि अंग फिरतं. गुडघ्यातला एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तिथे जातो, म्हणजे फाटतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला किमान नऊ महिने. दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के झाल्याशिवाय चढाई-पकड नाहीच. करार मात्र तोवर कधीच संपलेला असतो! म्हणून ‘उपचाराचा खर्च संघ करील’ एवढ्या वाक्यावर सही नको. एमआरआय, शस्त्रक्रिया आणि तंदुरुस्तीचा दाखला मिळेपर्यंतची फिजिओथेरपी, करार संपल्यानंतरही, असं स्पष्ट लिहून घ्या. जखमी झाल्यावर उरलेली रक्कम पूर्ण मिळणार की सामन्यांच्या प्रमाणात, तेही. स्वतःचा अपघात विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक पॉलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते.

शिबिराला जाण्याआधी दोन्ही गुडघे आणि खांद्यांची तपासणी करून अहवाल जवळ ठेवा, म्हणजे ‘जुनीच दुखापत आहे’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

चढाई_थांबवा: माझं मत वेगळं. २१व्या वर्षी लीग सोडणं म्हणजे वेडेपणा. नोकरी पुढेही मिळेल.

कव्हर_कोपरा: मिळेलच असं नाही, वयोमर्यादा असते. पण सोडा कशाला? आधी रुजू होऊ दे. मग खात्याकडे दोन गोष्टींची लेखी मंजुरी मागायची: शिबिरासह हंगामभराची रजा आणि मानधन स्वीकारण्याची परवानगी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नसतं. साहेबांच्या तोंडी होकारावर गाडीत बसला तर शिस्तभंगाची नोटीस घरी येते. परिवीक्षेत (प्रोबेशनमध्ये) लांब रजा घेतली तर परिवीक्षेचा काळ तेवढा वाढू शकतो, तेही विचारून घ्या. फाइल हळू सरकते, म्हणून संघाचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी अर्ज. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.